रॅखमॅनिनॉफ ऐकायचाय? मग पहिल्या मिनिटालाच थांबा

गेल्या महिन्यात चार दिवस मामाकडे बडोद्याला होते. माझी मामेबहीण आठवीत आहे, चार वर्षं कीबोर्ड शिकते. एरवी मी गेले की पिशवी खाली ठेवायच्या आत "ताई, हे ऐक" सुरू होतं. या वेळी तिच्या खोलीत गेले तर कीबोर्डवर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग. मामी हळूच म्हणाली, "महिना झाला, हात लावलेला नाही. तुझं ऐकते, बघ जरा बोलून."

बोलून बघितलं. आधी "अभ्यास खूप आहे" झालं, मग "बोअर होतं" झालं. रात्री गादीवर आडवं झाल्यावर खरं कारण बाहेर आलं. तिने फोन माझ्या नाकासमोर धरला. स्क्रीनवर एक मुलगा, केस डोळ्यांवर आलेले, पियानोवर वाकलेला. बोटं दिसतच नव्हती, नुसता एक धूसर पट्टा इकडून तिकडे पळत होता.

"हा अठरा वर्षांचा आहे, ताई. आणि आमच्या क्लासमध्ये सर स्टॉपवॉच लावतात, त्यात माझा नंबर कायम शेवटचा. मी कशाला वाजवू?"

तो मुलगा म्हणजे दक्षिण कोरियाचा युनचान लिम, आणि तो वाजवत होता ते रॅखमॅनिनॉफचं तिसरं पियानो कॉन्चेर्टो. योगायोग असा, की गेली दोन वर्षं मी ऑफिसचं काम करताना हेच ऐकते. मी कंटेंट रायटर. गाण्यात शब्द असले की माझ्या वाक्यात घुसतात, म्हणून बिनशब्दांचं काहीतरी शोधता शोधता इथे अडकले. एकच रचना, पण वेगवेगळ्या लोकांनी वाजवलेली, अशी माझी भलीमोठी प्लेलिस्ट झाली आहे. माझी रूममेट म्हणते, "तेच तेच काय ऐकतेस?" तेच तेच नसतं, हे तिला अजून पटलेलं नाही. तुम्हाला पटतंय का बघू.

बहिणीला मी एवढंच म्हटलं, "तू मधलाच भाग बघतेयस. अगदी सुरुवातीला जा आणि फोन उलटा ठेव. बघायचं नाही, फक्त ऐकायचं."

आधी थोडी ओळख

कॉन्चेर्टो म्हणजे एका वादकाने अख्ख्या ऑर्केस्ट्राच्या साथीने, कधी त्याच्याशी भांडत, वाजवायची लांब रचना. सर्गेई रॅखमॅनिनॉफ हे रशियन संगीतकार आणि स्वतः जबरदस्त पियानिस्ट. हे तिसरं कॉन्चेर्टो त्यांनी १९०९ च्या उन्हाळ्यात इवानोव्का इथल्या आपल्या गावाकडच्या घरी लिहिलं. त्याच वर्षी अमेरिकेचा दौरा होता. रियाझाला वेळच उरला नाही, म्हणून बोटीवर त्यांनी मुका कीबोर्ड नेला, ज्याच्या पट्ट्या दाबल्या तरी आवाज येत नाही, आणि समुद्रावरच बोटं तयार केली. २८ नोव्हेंबर १९०९ ला न्यूयॉर्कमध्ये पहिला प्रयोग झाला. काही आठवड्यांनी, जानेवारी १९१० मध्ये, पुन्हा वाजवलं तेव्हा ऑर्केस्ट्रासमोर कंडक्टर म्हणून उभे होते गुस्ताव माहलर.

या रचनेचा धाक असा, की ज्या योसेफ हॉफमन या नामवंत पियानिस्टला ती अर्पण केली, त्यांनी ती कधी मंचावर वाजवलीच नाही. तुमच्यापैकी काहींनी १९९६ चा 'शाइन' सिनेमा पाहिला असेल. डेव्हिड हेल्फगॉट या ऑस्ट्रेलियन पियानिस्टच्या आयुष्यावरचा, ज्यासाठी जेफ्री रशला ऑस्कर मिळालं. त्यात ज्या रचनेला सगळे टरकून असतात, ती हीच. तेव्हापासून तर 'जगातली सगळ्यात अवघड पियानो रचना' हे लेबल तिला कायमचं चिकटलं.

आणि आता गंमत बघा. ही सगळ्यात अवघड रचना सुरू कशी होते? तंतुवाद्यांची हलकी डुलती लय येते, आणि तिच्यावर पियानो एक साधी धून वाजवतो. दोन्ही हात तीच धून वाजवतात, फक्त एक सप्तकाचं अंतर ठेवून. एका वेळी एका हाताला एकच सूर. भराभर काही नाही, उड्या नाहीत. पेटीच्या भाषेत सांगायचं तर पांढरी दोनचा सा, आणि धून त्या सा-भोवतीच घुटमळते. कोमल गंधारापर्यंत जाऊन येते, खाली निषादाला शिवून येते. सहा महिने कीबोर्ड शिकलेलं मूलही ती काढू शकेल. रॅखमॅनिनॉफनी पुढे एका पत्रात लिहिलं होतं, की ही धून त्यांनी कुठल्या लोकगीतातून किंवा चर्चच्या गाण्यातून घेतलेली नाही, ती आपोआप सुचली, आणि त्यांना पियानोवर गाणाऱ्यासारखं गायचं होतं.

हे मिनिट सरलं की डोंगर सुरू होतो आणि पुढची चाळीसेक मिनिटं संपत नाही. पण मला दोन वर्षांत जे कळलं ते असं. डोंगर चढताना सगळे मोठे पियानिस्ट थोडेफार सारखे वाटतात, कारण तिथे आधी पडायचं नसतं. वेगळे ऐकू येतात ते या सोप्या मिनिटात. इथे लपायला काही नाही. 'नटसम्राट'मधली तीच वाक्यं डॉ. श्रीराम लागूंनी म्हटली आणि दत्ता भटांनीही म्हटली, पण दोघांचे आप्पा बेलवलकर एक नाहीत, तसंच काहीसं.

म्हणून त्या रात्री आम्ही एकाच ईअरफोनच्या दोन टोकांना दोघी, असं करून पाच रेकॉर्डिंगची फक्त पहिली मिनिटं ऐकली. तुम्हीही तसंच करा. एवढा वेळ रील्सवर सहज जातो.

ज्याने लिहिलं, त्याने कसं वाजवलं?

सुरुवात अर्थातच खुद्द रॅखमॅनिनॉफपासून. हो, त्यांचं स्वतःचं रेकॉर्डिंग आहे! १९३९-४० मधलं, फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा आणि कंडक्टर युजीन ऑर्मंडी यांच्यासोबतचं. आवाज जुना आहे, मागे खरखर आहे. दोन मिनिटं दिलीत की कान तिला विसरतात, जसे आपण पंख्याचा आवाज विसरतो.

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझी निराशा झाली होती. मला वाटलं होतं, संगीतकार स्वतः वाजवतोय म्हणजे प्रत्येक सुरावर जीव ओवाळून टाकेल. तर हे गृहस्थ धून अशी वाजवतात, जणू सकाळी फिरायला निघालेत. थांबणं नाही, उसासे नाहीत. सूर सरळ चालत राहतो.

मग मी तारखा जुळवल्या. धून लिहिली तेव्हा ते ३६ वर्षांचे होते आणि इवानोव्काचं घर होतं. १९१७ ची क्रांती झाली, त्याच वर्षाच्या शेवटी त्यांनी रशिया सोडला आणि परत कधी गेले नाहीत. घर गेलं, गाव गेलं. रेकॉर्डिंग करताना ते ६६ वर्षांचे. आता ऐकते तेव्हा मला तो कोरडेपणा वाटत नाही. आपल्याकडेही काही आजोबा असतात, जे गावच्या घराबद्दल फक्त एवढंच सांगतात की विहिरीला पाणी चांगलं होतं. बाकी ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. अर्थात हा माझा अर्थ झाला. कदाचित त्यांना फक्त धून वाहती हवी असेल.

अजून एक गोष्ट. हे रेकॉर्डिंग जेमतेम ३४ मिनिटांचं आहे, कारण रॅखमॅनिनॉफनी आपल्याच रचनेचे काही तुकडे गाळले. आपलं संगीत लोकांना लांबलचक वाटेल ही धास्ती त्यांना आयुष्यभर होती. त्यांची 'कोरेल्ली व्हेरिएशन्स' नावाची दुसरी एक रचना आहे. ती वाजवताना प्रेक्षक खोकायला लागले की ते पुढचा तुकडा गाळून टाकत, असं त्यांनीच एका मित्राला लिहिलं होतं. एवढा मोठा माणूस, आणि खोकल्याला घाबरतोय! बहीण यावर उठून बसली. "म्हणजे त्यांना पण वाटायचं?" वाटायचं गं. १८९७ मध्ये त्यांची पहिली सिंफनी सपशेल आपटली, तेव्हा ते इतके खचले होते, की पुढची काही वर्षं मोठं काही लिहू शकले नाहीत आणि शेवटी डॉक्टरांची मदत घ्यावी लागली.

आपले झुबिन मेहता आणि सरळ बोटांचा म्हातारा

व्लादिमिर होरोवित्झ आणि हे कॉन्चेर्टो यांचं नातं जन्माचं. १९२८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोघांची भेट झाली तेव्हा होरोवित्झनी ते वाजवून दाखवलं, आणि दुसऱ्या पियानोवर ऑर्केस्ट्राचा भाग वाजवायला खुद्द रॅखमॅनिनॉफ बसले. १९३० मध्ये लंडनला होरोवित्झनी त्याचं रेकॉर्डिंग केलं, ते या रचनेचं पहिलंच. तेव्हा ते २७ वर्षांचे. त्यानंतर १९५१ चं एक आहे, कंडक्टर फ्रिट्झ रायनर यांच्यासोबतचं. बरेच जाणकार त्याच्यावर फिदा आहेत.

मी मात्र तुम्हाला तिसरंच सुचवणार. २४ सप्टेंबर १९७८, न्यूयॉर्क. होरोवित्झना पंचाहत्तरी पूर्ण व्हायला एक आठवडा बाकी. समोर न्यूयॉर्क फिलहार्मोनिक, आणि कंडक्टर आपल्या मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता, वय ४२. हा कार्यक्रम टीव्हीवर थेट दाखवला गेला होता आणि त्याचं चित्रीकरण आजही बघायला मिळतं. फोन उलटा ठेवायचा नियम इथे मोडा, कारण बघण्यासारखं आहे.

बहिणीने पहिल्या दहा सेकंदांत किंकाळी फोडली. "ताई, यांची बोटं सरळ आहेत! सर आम्हाला यासाठी ओरडतात!" खरंच, होरोवित्झ पट्ट्यांवर बोटं जवळजवळ आडवी ठेवून वाजवत. चेहऱ्यावर रेषा हलत नाही. आणि धून? ती आता फिरायला निघालेली नाही. एखादा सूर मध्येच उजळतो, पुढचा मुद्दाम दाबलेला, तिसरा थोडा रेंगाळतो. गोष्ट पाठ असलेल्या आजोबांनी ती दरवेळी थोडी बदलून सांगावी तसं. काही ठिकाणी लय इतकी लवचीक होते, की ऑर्केस्ट्राने यांच्यासोबत राहायचं कसं हा प्रश्न पडतो. म्हणून मधूनमधून मेहतांकडे बघा. नजर पियानोवर खिळलेली. मला ते पाहून संगतीला बसलेला तबलजी आठवतो, बुवा समेवर कधी येतील याची वाट बघणारा.

पुढे अवघड भागात चुकीचे सूर लागतात, हे मान्य करायला हवं. काही जण या रेकॉर्डिंगला म्हणूनच नाकं मुरडतात. मला त्या चुका चालतात. ज्यांना चुका अजिबात चालत नाहीत त्यांनी १९५१ चं ऐकावं, भांडण नाही.

क्लायबर्न आणि आर्गेरिच

व्हॅन क्लायबर्न हा टेक्सासचा उंच, कुरळ्या केसांचा मुलगा. १९५८ मध्ये, शीतयुद्ध ऐन भरात असताना, मॉस्कोतली पहिली चायकोव्हस्की स्पर्धा या अमेरिकन मुलाने जिंकली. वय फक्त २३. अमेरिकन माणसाला पहिलं बक्षीस द्यायचं की नाही, हे परीक्षकांनी ख्रुश्चेव्हना विचारलं होतं अशी गोष्ट प्रसिद्ध आहे. परतल्यावर १९ मे १९५८ ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्याने हेच कॉन्चेर्टो वाजवलं, मॉस्कोहून आलेले किरिल कोंड्राशिन कंडक्टर होते, आणि दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कने त्याची मिरवणूक काढली. कार्यक्रमाचं थेट रेकॉर्डिंग आहे. आता यात तुफान असेल असं वाटतं ना? धून अगदी सावकाश, मोठ्या मायेने येते. घाई नावालाही नाही. पाचांमध्ये 'गाणं' म्हणावं असं हेच. गाणाऱ्यासारखं गायचं म्हणजे काय, ते इथे कळतं.

मार्था आर्गेरिच मूळच्या अर्जेंटिनाच्या. त्यांचं डिसेंबर १९८२ मधलं बर्लिनचं थेट रेकॉर्डिंग, कंडक्टर रिकार्डो शाई. पहिल्या सुरापासून पाय जमिनीवर ठरत नाहीत. धून शांतच आहे, पण आतून काहीतरी उकळतंय हे कळतं, कुकरची शिटी होण्याआधी झाकण थरथरतं तसं. शेवटची तीन-चार मिनिटं ऐकताना माझ्या हातून एकदा चुकीच्या क्लायंटला मेल गेला आहे. काम करताना हे लावू नका.

दोन वाटा, एकच मुक्काम

धुनीच्या पुढे जायचं असेल तर अजून एकाच जागेची शिफारस करते. पहिल्या भागात साधारण दहाव्या-अकराव्या मिनिटाला ऑर्केस्ट्रा गप्प होतो आणि पियानो एकटाच वाजतो. याला कॅडेन्झा म्हणतात. रॅखमॅनिनॉफनी इथे दोन पर्याय लिहून ठेवलेत. एक हलका, चपळ, पावसाचे थेंब पत्र्यावर नाचावेत तसा. दुसरा जाडजूड, दोन्ही हातांनी मोठमोठे सूरसमूह आपटत जाणारा. दोन्ही पुढे एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

दुसरा ऐकायला प्रचंड वाटतो, म्हणून तोच वाजवला तर खरा मर्द असं काही चाहते मानतात. पण रॅखमॅनिनॉफ स्वतः हलका वाजवत. होरोवित्झही हलकाच, आणि वीज अंगात असलेल्या आर्गेरिचही. मोठा निवडला तो मायाळू क्लायबर्नने! मला हे फार आवडतं. ताकद कुणात किती, हे निवडीवरून ओळखायला जाल तर हमखास फसाल. आणि कॅडेन्झाच्या शेवटी, एवढा कल्लोळ शमल्यावर, एक बासरी तीच पहिली साधी धून वाजवते. पियानो खाली नुसती झुळझुळ धरून राहतो. तिथे माझ्या अंगावर दरवेळी काटा येतो.

तो अठरा वर्षांचा मुलगा

लिमचं मिनिट आम्ही मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. जून २०२२, अमेरिकेतलं फोर्ट वर्थ शहर, कंडक्टर मारिन ऑल्सॉप. आणि स्पर्धा कुठली? व्हॅन क्लायबर्नच्याच नावाची, जी १९६२ पासून तिथे भरते. लिम तिचा सगळ्यात लहान विजेता. त्याचा हा व्हिडिओ यूट्यूबवर एक कोटीहून अधिक वेळा बघितला गेला आहे. माझ्या बहिणीसारखे किती जण तो बघून आपला कीबोर्ड झाकून ठेवत असतील, कोण जाणे.

फोन उलटा ठेवला. लय सुरू झाली. आणि मग धून आली, इतकी हळू आवाजात, की बहिणीने ईअरफोन कानात अजून आत ढकलला. कुणीतरी शेजारच्या खोलीत स्वतःशीच गुणगुणतंय असं. हजारो लोक, परीक्षक, कॅमेरे समोर असताना हा पोरगा काहीही सिद्ध करायला जात नाही. मिनिटभर तो फक्त साधं वाजवतो. तो कुठला कॅडेन्झा निवडतो ते मी सांगणार नाही, तुम्हीच ऐका आणि मला कळवा.

बहीण बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हे स्लो आहे."

"हो."

"हे तर मलाही येईल."

"सूर येतील," मी म्हटलं. खोटं कशाला बोलायचं?

सकाळी मला जाग आली ती त्या धुनीने. इस्त्रीचे कपडे माझ्या अंथरुणावर, माझ्या पायांवर. बहीण ब्रश न करता कीबोर्डपुढे बसलेली. निषादाच्या जागी ती पांढरी एक दाबत होती, हवी होती काळी एक, त्यामुळे दरवेळी तिथे येऊन तोंड वाकडं करत होती. मी काही बोलले नाही. पाचव्या-सहाव्या वेळी तिचं बोट आपसूक काळीवर गेलं. स्वयंपाकघरातून आजी म्हणाली, "किरवाणीसारखं वाटतंय गं काहीतरी. कुणी शिकवलं?"

"एका रशियन आजोबांनी," ती म्हणाली, आणि परत पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी आधीपेक्षा सावकाश.